पाचशे पाच पॉइंटांचा संसार

‘स्ट्रेंग्थ किती टाकलीस?’, ‘एनर्जीला हात नाही ना लावलास?’ असले संवाद हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये कानावर पडले की नवख्या माणसाला (आणि राउंडला आलेल्या रेक्टर सरांना) वाटतं, पोरं स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सचा अभ्यास करताहेत. गैरसमज गोड आहे, राहू द्यावा! पण खरं सांगायचं तर या संवादांत बऱ्यापैकी इंजिनिअरिंग असतं. फक्त ते मटेरियल्सचं नसून ‘बिल्ड’चं असतं.

ज्यांनी ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमला कधी हातच लावलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या गेममध्ये तुम्ही एक कॅरेक्टर घेता, त्याला घेऊन राक्षस मारता आणि अनुभव मिळवून लेव्हल वाढवता. प्रत्येक लेव्हलला थोडे पॉइंट मिळतात. ते ताकदीवर खर्च करायचे, चपळाईवर, जिवावर की जादूवर, हे तुम्ही ठरवायचं. पॉइंट मोजके आणि खर्चाच्या जागा ढीगभर! या वाटपातून कॅरेक्टरचा जो पिंड तयार होतो, तो त्याचा बिल्ड. एकाच जातीची दोन कॅरेक्टर्स शेजारी उभी केली तर दिसायला जुळी आणि वागायला एकदम परकी असू शकतात, ती यामुळेच.

सटवाईपासून स्किल ट्रीपर्यंत

या प्रकाराचं मूळ कॉम्प्युटरच्याही आधीचं आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद-पेन्सिल-फाशांचा खेळ १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी काढला. त्यात कॅरेक्टरचे सहा गुण होते आणि मूळ नियमात प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे. जे दान पडेल ते तुमचं. म्हणजे सटवाईने कपाळावर लिहिलेलं असावं तसं! मांत्रिक व्हायची हौस असली आणि बुद्धीच्या वाट्याला पाच आले, की बोंबला.

ऑनलाइन गेमनी हळूहळू सटवाईच्या हातातली लेखणी खेळाडूच्या हातात दिली. १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये जे काम कराल ते कौशल्य वाढायचं. लोहारकाम केलं की लोहारकाम, तलवार चालवली की तलवार. पण सगळ्या कौशल्यांची बेरीज ७०० वर अडकवलेली होती आणि एका कौशल्याची कमाल १०० होती. म्हणजे पूर्ण प्रावीण्य फार तर सात विद्यांत. आठवी शिकायची तर आधीच्यातली एखादी विसरायला लागायची. बिल्डचं सगळं मर्म त्या ७०० च्या आकड्यात आलं. बेरजेवर मर्यादा नसेल तर बिल्ड हा प्रकारच उरत नाही, कारण पुरेसा वेळ घातला की सगळेच सगळं शिकतील.

आधी बजेट बघा

आता आपण ‘डायब्लो २’ घेऊ. जून २००० मध्ये आलेला ब्लिझर्ड कंपनीचा हा गेम २०२१ मध्ये ‘रिझरेक्टेड’ या नावाने नवा साज चढवून परत आला. बिल्ड समजून घ्यायला याच्यासारखं पाठ्यपुस्तक नाही, कारण हिशोब अगदी उघडा आहे.

कमाल लेव्हल ९९. प्रत्येक लेव्हलला ५ गुण-पॉइंट मिळतात, म्हणजे ९८ वेळा ५ = ४९०. काही कामगिऱ्यांचे वरून १५. एकूण ५०५. हे स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, व्हायटॅलिटी आणि एनर्जी या चौघांत वाटायचे. शिवाय प्रत्येक लेव्हलला एक स्किल पॉइंट मिळतो. ९८ आणि कामगिऱ्यांचे १२ मिळून ११०. प्रत्येक जातीला ३० स्किल्स असतात आणि एका स्किलमध्ये स्वतःचे २० पॉइंट टाकता येतात. म्हणजे जागा ६०० आणि माणसं ११०! (आमच्या मेसच्या रांगेची आठवण झाली ना?)

आता नवशिका काय करतो? चेटकीण घेतो, ‘जादूवाली आहे म्हणजे एनर्जी लागणार’ म्हणतो आणि दणादण एनर्जी वाढवतो. सरळसाधा विचार, आणि तिथेच गाडी घसरते. चेटकिणीला एनर्जीच्या एका पॉइंटमागे २ माना मिळतात आणि व्हायटॅलिटीच्या एका पॉइंटमागे २ लाइफ. आकडा सारखाच दिसतो, पण माना संपली तर बाटली प्यायची आणि पुढे चालायचं. लाइफ संपलं तर खेळ खल्लास. शिवाय मानाची सोय बाटल्या, अंगावरच्या वस्तू आणि लेव्हलसोबत मिळणारी वाढ यांतून बरीचशी होते. म्हणून जुन्या खेळाडूंचा मंत्र असा की स्ट्रेंग्थ चिलखत-ढाल पेलण्यापुरती, डेक्स्टेरिटी गरजेपुरती, एनर्जी शून्य, बाकी सगळं व्हायटॅलिटीत. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसं!

पण मंत्र पाठ करून काम भागत नाही. तो का चालतो हे कळायला एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी. प्रत्येक पॉइंटची किंमत सारखी नसते. तुम्ही सध्या कुठे उभे आहात त्यावर पुढच्या पॉइंटची किंमत ठरते. ग्राफ काढून बघितला तर निदान चार प्रकारचे आकार सापडतात.

ग्राफ पहिला: हळूहळू आडवा होणारा

‘मॅजिक फाइंड’ म्हणजे मेलेल्या राक्षसाकडून चांगली वस्तू मिळण्याची शक्यता वाढवणारा गुण. तो अंगावर कितीही लिहिलेला असला तरी सगळ्यात दुर्मिळ अशा ‘युनिक’ वस्तूंसाठी गेम त्याला एका सूत्रातून गाळून घेतो. मॅजिक फाइंडला २५० ने गुणायचं आणि मॅजिक फाइंड अधिक २५० ने भागायचं. म्हणजे १०० टक्के लावलेत तर प्रत्यक्षात ७१ मिळतात. २०० ला १११. ३०० ला १३६. ६०० ला १७६. पहिल्या शंभराने ७१ दिले आणि पुढच्या शंभराने ४० च. ३०० च्या पुढचे तीनशे मिळूनही फक्त ४०! आणि काहीही केलंत तरी २५० ची रेषा ओलांडता येत नाही. तरी लोक हौसेने मॅजिक फाइंडचा डोंगर रचतात, त्यापायी मारायची ताकद घालवतात आणि तासाला निम्मे राक्षस मारतात. शक्यता वाढली, पण मारलेल्यांची संख्या घटली. गुणाकारात एक आकडा वाढवताना दुसरा किती पडतो तेही बघायला लागतं.

ग्राफ दुसरा: शेवटी उसळणारा

रेझिस्टन्सचं याच्या बरोबर उलट आहे. ०% रेझिस्टन्स असताना १०० चा आगीचा फटका पूर्ण १०० बसतो. तो ५% केला तर ९५ बसतो. म्हणजे विसावा हिस्सा वाचला. आता ७०% वरून ७५% वर जा. आधी ३० बसत होते, आता २५. तेवढ्याच पाच टक्क्यांनी या वेळी सहावा हिस्सा वाचला! वर चढाल तसा पुढचा टक्का जास्त मोलाचा होत जातो आणि ७५ ला नेहमीची कमाल मर्यादा येते. मर्यादेनंतरचा टक्का मात्र फुकट. त्यातून २००१ च्या विस्तारानंतर ‘हेल’ पातळीवर गेम सगळ्यांच्या रेझिस्टन्समधून १०० वजा करतो, म्हणजे ७५ टिकवायला मुळात १७५ जमवायला हवेत. ‘थोडंसं रेझिस्टन्स आहे ना, चालेल’ म्हणणारा खेळाडू हेलच्या दारातच का आडवा होतो, ते यावरून कळावं.

ग्राफ तिसरा: जिना

हा मला सगळ्यात आवडतो. हा गेम सेकंदाला २५ फ्रेम्सच्या हिशोबाने चालतो आणि कुठलीही क्रिया पूर्ण फ्रेम्समध्येच होते. साडेबारा फ्रेम असला प्रकार नाही. चेटकिणीला (लाइटनिंगचे मंत्र सोडून) एक मंत्र टाकायला १३ फ्रेम लागतात. ‘फास्टर कास्ट रेट’ वाढवला की त्या कमी होतात, पण ठरलेल्या पायऱ्यांवरच. ९% ला १२ फ्रेम, २०% ला ११, ३७% ला १०, ६३% ला ९, १०५% ला ८ आणि २००% ला ७. म्हणजे ६३% वाली आणि १०४% वाली चेटकीण एकाच वेगाने मंत्र टाकते! मधले ४१ टक्के हवेत गेले. पण १०४ वालीने कुठूनतरी फक्त एक टक्का आणला की ती एकदम पुढच्या पायरीवर. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये क्वांटायझेशन शिकताना ज्यांना जांभया आल्या, त्यांनी ही चेटकीण डोळ्यांसमोर आणावी.

ग्राफ चौथा: सरकता पट्टा

ढालीने वार अडवण्याचं गणित आणखी गमतीचं आहे. ढालीचा ब्लॉक घ्यायचा, त्याला (डेक्स्टेरिटी वजा १५) ने गुणायचं आणि लेव्हलच्या दुपटीने भागायचं. कमाल ७५%. समजा ढालीचा ब्लॉकच ७५ आहे. मग तो पूर्ण मिळायला ८० व्या लेव्हलला १७५ डेक्स्टेरिटी लागते आणि ९० व्या लेव्हलला १९५. म्हणजे या दहा लेव्हलमध्ये मिळालेल्या ५० पॉइंटपैकी २० नुसते जागेवर उभं राहायला खर्च झाले. न वाढणं म्हणजे मागे पडणं. म्हणून डेक्स्टेरिटीबाबत सुज्ञ लोक दोनच टोकं मानतात. एकतर पूर्ण ब्लॉक ठेवा, नाहीतर ढालीच्या नादाला न लागता ते पॉइंट जिवावर खर्च करा. अर्धवट डेक्स्टेरिटी म्हणजे अर्धं भाडं भरून बाहेर झोपणं.

‘सगळं थोडं थोडं’ का चालत नाही

आपल्याकडे म्हण आहे, एक ना धड भाराभर चिंध्या. ती आकड्यांत बघायची असेल तर ‘रॅग्नारॉक ऑनलाइन’कडे या. ग्रॅव्हिटी या कोरियन कंपनीचा हा गेम २००२ चा. खाली दिलेले नियम ‘रिन्यूअल’ नावाच्या पुढच्या मोठ्या बदलाआधीचे आहेत.

इथे सहा गुण असतात: स्ट्रेंग्थ, अॅजिलिटी, व्हायटॅलिटी, इंटेलिजन्स, डेक्स्टेरिटी आणि लक. प्रत्येकाची कमाल ९९. मेख अशी की गुण जितका वर जाईल तितका पुढचा महाग. सुरुवातीला एका पायरीला २ पॉइंट पडतात आणि शेवटी शेवटी ११. एक गुण १ पासून ९९ पर्यंत न्यायला ६२८ पॉइंट लागतात. ९९ व्या लेव्हलपर्यंत हातात येतात १२७३ (पुनर्जन्म न घेतलेल्या कॅरेक्टरला, हो, या गेममध्ये तीही सोय आहे). ६२८ दुणे १२५६. उरले १७. म्हणजे दोन गुण शिखरावर आणि बाकी चार पायथ्याशी!

मग कोणी म्हणेल, सहाही सारखे वाढवू. वाढवा. प्रत्येक गुण साधारण ५२ ला जाऊन अडकेल. स्ट्रेंग्थमुळे तलवारीच्या हल्ल्यात मिळणारी वाढ म्हणजे स्ट्रेंग्थ अधिक तिच्या दशकाचा वर्ग. ५२ ला ५२ अधिक २५, म्हणजे ७७. ९९ ला ९९ अधिक ८१, म्हणजे १८०. दुपटीहून जास्त. किंमत वाढत जाते, पण फळ त्याहून वेगाने वाढतं. इथेही जिना आहेच. ८९ वरून ९० ला जायला १० पॉइंट लागतात आणि हल्ला १८ ने वाढतो. ९० वरून ९१ ला जायलाही १० च लागतात आणि हल्ला वाढतो १ ने. म्हणून जाणत्यांच्या कॅरेक्टरची स्ट्रेंग्थ बघा, ती दहाच्या पटीत येऊन थांबलेली दिसेल (वस्तूंमधून मिळणारी वाढ धरून).

पण दुसरं टोकही धोक्याचं आहे. डायब्लोमध्ये हेल पातळीवर बरेच राक्षस एखाद्या प्रकाराला पूर्ण दाद देत नाहीत. सगळे पॉइंट थंडीच्या मंत्रांत घातलेल्या चेटकिणीसमोर थंडी न बाधणारा राक्षस आला की तिला वळसा घालून पळावं लागतं. म्हणून ‘फ्रोझन ऑर्ब’ आणि ‘मीटिऑर’ अशा थंडी-आगीच्या जोडीवरचा बिल्ड लोकप्रिय झाला. दोन्हींचा मार थोडा कमी, पण रस्ता सहसा बंद होत नाही. एका खांबावरचं घर आणि भाराभर चिंध्या यांच्यामधली ही जागा शोधणं, हेच बिल्ड करणाऱ्याचं खरं कसब.

एकट्याचा बिल्ड, टोळीचा बिल्ड

ऑनलाइन खेळताना हे गणित पुन्हा बदलतं. डायब्लो २ मध्ये एका खेळात आठ जण येऊ शकतात आणि प्रत्येक जादा खेळाडूमागे राक्षसांचं लाइफ मूळच्या निम्म्याने वाढतं. सगळ्यांनी मिळून मार वाढवला तरच फायदा. अशा वेळी थंडीवाली एकांगी चेटकीणही चालते, कारण जे तिला जमत नाही ते शेजारचा करतो. रॅग्नारॉकमधला नाइट एकट्याने शिकार करत फिरणार असेल तर अॅजिलिटी वाढवून वार चुकवतो. पण किल्ल्यांच्या लढाईत चारी बाजूंनी मार पडतो, तिथे व्हायटॅलिटी वाढवून पहाडासारखा उभा राहणारा नाइट हवा असतो. जात एक आणि तलवारही तीच, पण बिल्ड चुकीच्या जागी नेला की दोघेही निरुपयोगी. ‘बेस्ट बिल्ड कुठला?’ या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नसतं. कशासाठी, कुणाबरोबर आणि कुठल्या सामानासह, हे आधी सांगावं लागतं.

सामानाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा. डायब्लोमधला ‘हॅमरडिन’ हा अतिशय गाजलेला बिल्ड घ्या. २००३ च्या १.१० या पॅचने ‘सिनर्जी’ आणल्या, म्हणजे एका स्किलमधले पॉइंट दुसऱ्या स्किलचा मार वाढवू लागले. पॅलाडिनच्या ‘ब्लेस्ड हॅमर’ला ‘ब्लेस्ड एम’ आणि ‘व्हिगर’ या दोघांच्या प्रत्येक पॉइंटमागे १४ टक्के मिळू लागले. हॅमर, ते दोघे आणि ‘कॉन्सन्ट्रेशन’ अशा चार ठिकाणी वीस-वीस, एकूण ८० पॉइंट. वर या हॅमरचा मार ज्या जातीचा, तो रोखणारे राक्षस अगदी मोजके. झालं, जो तो हॅमरडिन! पण गाजलेल्या हॅमरडिनच्या अंगावर बहुधा ‘एनिग्मा’ नावाचं महागडं चिलखत असतं. ते टेलिपोर्ट तर देतंच, शिवाय दर लेव्हलमागे पाऊण स्ट्रेंग्थही देतं. त्यामुळे त्याच्या बिल्डमध्ये स्वतःची स्ट्रेंग्थ कमी ठेवलेली असते. ते आकडे जसेच्या तसे उतरवणाऱ्या गरिबाला ढालही उचलत नाही. उत्तर बरोबर, पण गणितात ‘दिलेले’ काय होतं ते वाचलंच नाही. (जर्नल कॉपी करणाऱ्यांना हा अनुभव नवा नसावा.)

चुकलं तर?

आता मुद्दा उरला चुकीचा. एकदा टाकलेला पॉइंट परत घेता यावा का? यावर गेम बनवणाऱ्यांनी गेली पंचवीस-तीस वर्षं डोकं खाजवलं आहे.

अल्टिमामध्ये नवीन शिकताना जुनं हळूहळू विसरता यायचं. डायब्लो २ मध्ये जवळजवळ दहा वर्षं परतीचा रस्ताच नव्हता. एक चुकीचा निर्णय आणि ऐंशी लेव्हलचं कॅरेक्टर पहिल्यापासून! त्यामुळे लोक पॉइंट खर्च न करता साठवून ठेवायचे आणि तिसाव्या लेव्हलला चांगली स्किल्स उघडेपर्यंत लंगडत खेळायचे. अखेर २०१० च्या १.१३ पॅचमध्ये अकारा या म्हातारीकडे सगळे पॉइंट परत घ्यायची सोय आली. तीही मोजूनमापून, प्रत्येक पातळीवर एकदा. त्यापुढे हवं असेल तर दुर्मिळ वस्तू जमवायला लागते.

२००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने मधला रस्ता काढला. साठाव्या लेव्हलपर्यंत ५१ टॅलेंट पॉइंट मिळायचे. ते परत घ्यायला पहिल्यांदा १ सोन्याचं नाणं, मग ५, आणि वाढत वाढत ५० पर्यंत. चूक माफ, चंचलपणाला मात्र दंड. पण बहुतेक लोक ठरावीक तेच बिल्ड उतरवू लागले. मग २०१२ मध्ये ‘मिस्ट्स ऑफ पँडेरिया’त ती झाडंच काढून टाकली आणि सहा टप्पे, प्रत्येकी तीन पर्याय, एवढंच ठेवलं. चुकायची भीती गेली, पण प्रत्येक लेव्हलला पॉइंट टाकायची मजाही गेली. २०२२ मध्ये ‘ड्रॅगनफ्लाइट’बरोबर झाडं परत आली, या वेळी बदल फुकट.

माझं मत विचाराल तर परतीचा रस्ता असावा, पण त्यावर टोलनाका असावा. रस्ताच नसेल तर माणूस प्रयोग करायला घाबरतो आणि दुसऱ्याचा बिल्ड कॉपी करतो. टोल नसेल तर निवडीला वजन राहत नाही. सकाळी मांत्रिक, दुपारी पहिलवान, संध्याकाळी पुन्हा मांत्रिक. मग हे कॅरेक्टर ‘माझं’ कशावरून?

जाता जाता

नवा बिल्ड करायला बसाल तेव्हा आधी एकूण पॉइंट किती ते मोजा. कुठल्या लेव्हलला थांबणार ते ठरवा. ९९ ला फार थोडे पोचतात, तेव्हा ८५ चं बजेट धरलेलं बरं. अंगावर जे सामान आज खरंच आहे त्यावर हिशोब करा, स्वप्नातल्या सामानावर नको. प्रत्येक गुणाचा ग्राफ आडवा होणारा, उसळणारा, जिना की सरकता पट्टा, ते बघा आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा, ‘पुढच्या एका पॉइंटने मला नक्की काय मिळणार?’ शेवटी, कशाला नाही म्हणायचं ते कागदावर लिहून ठेवा. तेवढं जमलं की बिल्ड अर्धा झालाच म्हणून समजा.

आणि हो, रात्रीचे तासही मोजकेच असतात, तेही याच बजेटमध्ये धरा. अकारा म्हातारी पॉइंट परत देते. सबमिशनच्या तारखांसाठी तसला पॅच अजून आलेला नाही!